डोंगर चढणारी बोट

न्यूरेंबर्ग सोडून बोट दक्षिणेला निघाली की ती चढायला लागते. सहलीच्या माहितीपत्रकात या चढणीला एखादी ओळ मिळते. बाकी सगळी जागा किल्ले, द्राक्षमळे आणि मेणबत्तीच्या उजेडातल्या जेवणांची. पण माईन नदीच्या खोऱ्यातून डॅन्यूबच्या खोऱ्यात उतरायचं तर मधला माथा ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. बांबेर्गपासूनचे ११ लॉक, म्हणजे बोट चढवणारे-उतरवणारे दारबंद हौद, बोटीला एकंदर १७५ मीटर उचलतात आणि समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर नेऊन ठेवतात. पलीकडचे पाच लॉक तिला ६८ मीटर खाली उतरवून केलहाइमला डॅन्यूबमध्ये सोडतात. १७१ किलोमीटरचा हा माईन-डॅन्यूब कालवा २५ सप्टेंबर १९९२ रोजी पुरा झाला आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत पाण्यावरून सलग जाता येऊ लागलं.

आमच्याकडे ही सहल ठरली ती आईच्या गुडघ्यांमुळे. बसच्या टूरमध्ये रोज बॅगा भरायच्या, रोज नवं हॉटेल, आणि सकाळी सातला लॉबीत हजर. बोटीत खोली तीच राहते, गावं बदलतात. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं जायकवाडीच्या कालव्यांवर आवर्तनं सांभाळण्यात गेलेली. राजवाड्यांमध्ये त्यांना काडीचा रस नव्हता. "नदीवर जागोजाग धरणं आहेत म्हणता, मग बोट जाते कुठून?" एवढीच त्यांची शंका. भाऊ-वहिनींना निवांतपणा हवा होता. माझी मुलगी आणि भाचा यांना मात्र सहप्रवाशांचं सरासरी वय ऐकूनच घाम फुटला. शेवटी सगळ्यांच्या मनासारखा तोडगा निघाला. आधी न्यूरेंबर्गला आपलं आपण राहायचं, मग आठवड्याच्या बोटीने व्हिएन्ना गाठायचं आणि तिथून पुढे रेल्वेने, वाटेल तिथे.

कागदावर हा तोडगा सोपा दिसतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज मात्र त्याने अवघड होतो. नियम असा, की ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. हॉटेलच्या रात्री मोजणं सोपं आहे. बोटीच्या रात्री कोणाच्या? संध्याकाळी जर्मनीतल्या पासाऊहून निघालेली बोट पहाटे ऑस्ट्रियात असते. त्यातून मागाहून साल्झबुर्गचे मुक्काम वाढवले, तर जर्मनीचं पारडं हलकं होऊन अर्ज ऑस्ट्रियाकडे जायचा. म्हणजे आपली भटकंती जोडताना तिकिटांच्या आधी रात्री मोजाव्या लागतात. भावाने एक तक्ता केला: तारीख, मुक्कामाचं गाव, देश, पुरावा. बोटीच्या कंपनीकडून बंदरांची आणि वेळांची यादी मागवून ती त्याला जोडली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. बोटांचे ठसे द्यायला आम्हा संभाजीनगरकरांना पुणं किंवा मुंबई गाठावी लागते, म्हणजे एक छोटी सहल आधीच होते.

आमच्या गावची आणखी एक गंमत. शहराच्या नामांतराला केंद्राची मंजुरी मिळाली २४ फेब्रुवारी २०२३ रोजी. त्यामुळे एकाच घरातल्या कागदांपैकी काहींवर औरंगाबाद, काहींवर छत्रपती संभाजीनगर. बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे, हे वेगळंच. अर्जासोबतच्या पत्रात दोन्ही नावं एकाच शहराची असल्याचा खुलासा दोन ओळींत केला आणि पत्ते जुळवून दिले. असा खुलासा जोडलेला बरा.

सामानात मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे गेले. पेढे आणि साजूक तूप घरीच राहिलं, कारण प्रवाशांनी बाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. ताजी फळं नेण्यावरही निर्बंध आहेत, तेव्हा केशर आंब्यांची पेटी कुणी नेऊ नये.

नदीवरची बोट समुद्रातल्या क्रूझसारखी अवाढव्य नसते. तिचं माप नदी ठरवते, आणि नदीत लॉक. या कालव्यातला लॉक १९० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. म्हणून बोटींची रुंदी साडेअकरा मीटरच्या आतच असते. लांबी बहुधा ११० किंवा १३५ मीटर. उंचीवर पुलांचा अंकुश. यातून जी बोट उरते तिच्यात दीडशे-पावणेदोनशे प्रवासी मावतात, केबिनी दोघा-दोघांच्या असतात आणि वरचा डेक सपाट. कमी उंचीचे पूल आले की त्या डेकवरच्या खुर्च्या घडी करून ठेवतात, कठडे आडवे पाडतात, आणि कॅप्टनची केबिन यंत्राने खाली खाली जात डेकमध्ये जवळजवळ बुडते. कॅप्टन छतातल्या झडपेतून डोकं बाहेर काढून पुलाकडे बघतो.

किनाऱ्यावर उतरताना प्रत्येकाने दारापाशी आपलं कार्ड उचलायचं आणि परत आल्यावर जागेवर ठेवायचं. कोण बाहेर आहे, हे त्यावरून बोटीला कळतं. रोज संध्याकाळी उद्याच्या वेळा छापलेला कागद खोलीत येतो. धक्क्यावर जागा नसली तर बोटी एकमेकींना खेटून उभ्या राहतात. एका सकाळी आईने पडदा सारला, तर हातभरावर दुसऱ्या बोटीतल्या आजीबाई चहा पीत बसलेल्या. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला. मग गावात जायला आम्ही त्या बोटीच्या दिवाणखान्यातून वाट काढली.

हिल्पोल्टश्टाइनचा लॉक हा उत्तरेकडून येताना माथ्याआधीचा शेवटचा. त्याच्या आधीचे लेअरश्टेटन आणि एकर्समुलेन आणि हा, असे तिघे कालव्यातले सर्वांत उंच. प्रत्येक जण बोटीला २४.७ मीटर, म्हणजे आठ मजले, उचलतो. बाबा सकाळपासून पुढच्या छोट्या डेकवर ठाण मांडून होते.

बोट आत शिरते तेव्हा वेग माणसाच्या चालीचा. दोन्ही बाजूंना भिंत आणि बोट यांच्यात वीतभर, फार तर दीड वीत जागा. मागचं दार लागतं आणि आपण कोरड्या विहिरीच्या तळाशी उभे आहोत असं वाटतं: वर आकाशाची पट्टी, भोवती ओल सुटलेलं शेवाळी काँक्रीट. खलाशी दोर घेऊन भिंतीतल्या खाचेतल्या खुंटीला अडकवतो. ही खुंटी तरंगती आहे. पाणी चढेल तशी तीही खाचेतून वर सरकते, त्यामुळे दोर पुन:पुन्हा बांधावा लागत नाही. आसपास लॉक चालवणारा माणूस दिसत नाही. कॅमेऱ्यांच्या मदतीने एका नियंत्रण कक्षातून एकाच वेळी बरेच लॉक चालवतात. मग भिंतीवरची ओली रेघ खाली जाताना दिसते. ना धक्का, ना खळखळाट. पाणी तळातल्या छिद्रांमधून सगळीकडे सारखं येतं, म्हणून बोट हलत नाही. चहाच्या कपातला चहासुद्धा नाही. पाव तासाने डोकी काठाच्या वर आली. शेतं दिसली, सायकलवरून जाणारी दोन मुलं दिसली.

"पंप कुठे आहे?" बाबांनी विचारलं. हा लॉक भरायला पंप लागतच नाही, पाणी वरून आपल्या वजनानेच उतरतं. गावातली पाणचक्की आणि मलिक अंबरच्या नहरी बघत वाढलेल्या माणसाला यात नवल नव्हतं. त्यांना नवल वाटलं ते काठावर आल्यावर दिसलेल्या तीन उघड्या टाक्यांचं. लॉकच्या शेजारी, एकीपेक्षा एक खाली, प्रत्येक टाकी लॉकइतकीच लांब.

त्यांचं काम असं चालतं. लॉकमधल्या पाण्याचे मनातल्या मनात पाच थर करा. बोट खाली उतरवताना वरचा थर वरच्या टाकीत सोडतात, दुसरा मधल्या आणि तिसरा खालच्या टाकीत. उरलेले दोन थर खालच्या टप्प्यात जातात. पुढची बोट चढवायची वेळ आली की आधी खालची टाकी लॉकमध्ये रिकामी करतात, मग मधली, मग वरची. पाचातले तीन थर भरले. राहिलेल्या दोघांपुरतंच पाणी वरच्या टप्प्यातून घ्यायचं. म्हणजे दर खेपेला ६० टक्के पाण्याची बचत, तीही निव्वळ झडपा योग्य क्रमाने उघडून.

बाबांनी त्या दिवसाच्या वेळापत्रकाचा कागद उलटा केला आणि पेन काढलं. १९० गुणिले १२ गुणिले २४.७: सुमारे ५६ हजार घनमीटर, म्हणजे साडेपाच कोटी लिटरच्या वर. आमच्या कॉलनीत येणारा टँकर १२ हजार लिटरचा. एका बोटीला एकदा चढवायला साडेचार हजारांहून जास्त टँकर! टाक्यांमुळे त्यातले जेमतेम १,९०० लागतात. नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरातल्या माणसाला हा हिशोब करमणुकीचा नाही. बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते.

माथ्यावरचा टप्पा साधारण १६ किलोमीटरचा, सपाट. इथे युरोपचा मुख्य पाणलोट दुभाजक आहे: पावसाचा थेंब उत्तरेला पडला तर ऱ्हाइनमार्गे उत्तर समुद्रात, दक्षिणेला पडला तर डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात. हा माथा फोडायचा खटाटोप जुना. शार्लमेनने ७९३ साली इथून जवळच चर खणायला घेतला होता. त्याचा एक तुकडा अजून दिसतो. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने १८४६ साली शंभर लॉकांचा अरुंद कालवा पुरा केला, तेवढ्यात रेल्वे आली आणि कालव्याचं दिवाळं वाजलं. आताच्या कालव्यावरही टीका कमी झाली नाही. आल्टम्यूल नदीचं खोरं बिघडतं म्हणून पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, खुद्द एका केंद्रीय वाहतूक मंत्र्याने प्रकल्पाला मूर्खपणाचा कळस ठरवलं होतं, आणि मालवाहतूक अपेक्षेइतकी झाली नाही.

मग माथ्यावर पाणी येतं कुठून? पंप इथे आहेत, पण दक्षिणेच्या उतारावर. डॅन्यूबच्या बाजूच्या पाचही लॉकांपाशी पंप बसवलेले आहेत. ते डॅन्यूबच्या खोऱ्यातलं पाणी टप्प्याटप्प्याने माथ्यावर चढवतात आणि तिथून ते उत्तरेला सोडतात. दक्षिण बव्हेरियाला आल्प्सचं पाणी मुबलक. उत्तरेचं फ्रँकोनिया कोरडं. १९७० साली बव्हेरियाच्या विधिमंडळाने ठराव करून दक्षिणेचं पाणी उत्तरेला न्यायचं ठरवलं. कालवा त्याच कामाला जुंपला, मध्ये ब्रोंबाखसे, रोटसे असे तलाव बांधले. वर्षाला सरासरी १५ कोटी घनमीटर पाणी असं पलीकडे जातं. बाबांनी लगेच त्यांच्या भाषेत, म्हणजे अब्ज घनफुटांत, उतरवलं: "सव्वापाच टीएमसी."

असे आकडे आम्हाला परके नाहीत. २०२३ साली पाऊस कमी झाला, आणि नाशिक-नगरच्या धरणांमधून जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला. त्यावरून आंदोलनं झाली, प्रकरण कोर्टात गेलं. समन्यायी वाटपाचा कायदा आपल्याकडे २००५ पासून आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडायचं, हे सूत्रही ठरलेलं आहे. तरी तुटीच्या दर वर्षी भांडण नव्याने सुरू होतं. "त्यांच्याकडे एकच राज्य, आपल्याकडेही एकच राज्य," बाबा म्हणाले. "पण त्यांनी ठराव केला आणि पाणी नेलं. आपण ठराव करतो आणि दर वर्षी पुन्हा ठरवतो." बाबांना उत्तर सुचलं असं नाही. ब्रोंबाखच्या तलावाखाली गेलेल्या शेतकऱ्यांना ते भेटले नव्हते, हेही त्यांनीच बोलून दाखवलं.

आपल्याकडे अशी बोट चालेल का, हा मुद्दाही त्यांनी निकालात काढला. २०१६ च्या कायद्याने गोदावरी नाशिकपर्यंत राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ चा भाग आहे, कागदोपत्री. पण १९७६ साली पुऱ्या झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणाला २७ दरवाजे असले, तरी त्यातला एकही बोट चढवायचा नाही. त्यांच्या मते तो हवाही नाही. एक बोट चढवायला टँकर किती लागतात, ते त्यांनी मोजलं होतं.

केलहाइमच्या पुढे डॅन्यूब लागते आणि चाल बदलते. रेगेन्सबुर्गचा बाराव्या शतकातला दगडी पूल मोठ्या बोटींना टाळावा लागतो. त्या बाजूच्या कालव्याने जातात. खरी नाजूक जागा त्यापुढची, श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० किलोमीटरचा पट्टा. इथे नदीवर एकही बंधारा नाही. पाणी उतरलं की बोट तळाला टेकते. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यांत कित्येक बोटी अशा अडकल्या. तेव्हा कंपन्या प्रवाशांना बसने पलीकडे नेतात आणि तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीत चढवतात. खोली तशीच, बॅगा मागून येतात. उलट पूर आला तर पुलाखालून जायला उंची उरत नाही. पासाऊला तीन नद्यांचा संगम आहे, डॅन्यूब, इन आणि इल्झ, तिघींचे रंग वेगळे. तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर पुरांच्या रेघा मारलेल्या आहेत. जून २०१३ चा पूर १२.८९ मीटरवर गेला होता. त्याआधी इतकं पाणी १५०१ साली चढलं होतं. सहल निवडताना मे किंवा जूनचा पहिला पंधरवडा बरा, असं आपण म्हणावं, तर ही भिंत जूनकडेच बोट दाखवते. नदीवर शंभर टक्के हमी नाही, हे पैसे भरतानाच धरून चालावं.

मुलांचा दिवस उजाडला तो ऑस्ट्रियातल्या मेल्कला. तिथून ड्युर्नश्टाइनवरून क्रेम्सपर्यंतचं वाखाऊचं खोरं २००० सालापासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि नदीच्या कडेने पासाऊ ते व्हिएन्ना सायकलचा रस्ता आहे. बोटीवरच सायकली होत्या. मुलं मेल्कला उतरली, आम्ही प्रवाहाबरोबर निघालो. जर्दाळूच्या बागांमधून त्यांची लाल टोपी मध्येच दिसायची, मध्येच झाडीत हरवायची. ड्युर्नश्टाइनच्या धक्क्यावर आम्ही आधी पोचलो. ती मागून आली, घामाघूम, खिशात कुणा बागवाल्याकडून घेतलेल्या जर्दाळूच्या जॅमची बाटली. त्यानंतर "बोट बोअर आहे" हे वाक्य ऐकू आलं नाही.

व्हिएन्नाला बोट सोडली आणि आतापर्यंत दुसऱ्याने करून ठेवलेली सगळी कामं आमच्या अंगावर आली. रेल्वेची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी. ऑस्ट्रियात तिकीट म्हणजे जागा नव्हे. जागा हवी तर आरक्षणाचे पैसे वेगळे. आसनाच्या वर पाटीवर लिहिलेलं असतं, कुठून कुठपर्यंत ही जागा राखीव. पाटी कोरी असेल तर खुशाल बसा. जर्मनीच्या बाजूला, न्यूरेंबर्गच्या मुक्कामात, बायर्न तिकीट कामी आलं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, बव्हेरियाभर, फक्त प्रादेशिक गाड्यांमध्ये. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर. तिकिटावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात. सहावा माणूस असेल तर त्याचं वेगळं काढायचं. तेच तिकीट साल्झबुर्गच्या स्टेशनपर्यंतही चालतं. आईला या दिवसांत पायऱ्यांचा त्रास झाला, हे खरं. पण बाजारातून स्वतः काकड्या-टोमॅटो आणून भाड्याच्या घरात कोशिंबीर केल्यावर तीच म्हणाली, "आता कुठे गावात आल्यासारखं वाटलं."

आमचा निष्कर्ष असा. घरात तीन पिढ्या असतील तर बोट मध्ये ठेवा आणि दोन्ही टोकांना आपले दिवस जोडा. आधीचे दिवस विमान उशिरा आलं तर उपयोगी पडतात, कारण बोट थांबत नाही. नंतरचे दिवस मुलांचे. व्हिसाच्या रात्री पहिल्यांदा मोजा, तिकिटं नंतर काढा. परदेश सहलीच्या पॅकेजवर गोळा केलेला टीसीएस (आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर) विवरणपत्रात दाखवायला विसरू नका. आणि मराठवाड्यातून जाणार असाल तर बुकिंग करण्यापूर्वी कंपनीला एक गोष्ट नक्की विचारा: हिल्पोल्टश्टाइनचा लॉक बोट दिवसा ओलांडते की रात्री? अनेक बोटी हा टप्पा प्रवासी झोपेत असताना उरकतात. एखादं चर्च राहिलं तरी चालेल, पण त्या तीन टाक्या भर उजेडात बघून या.